प्रति: ढग आले की सौर वीज पडते

'बॅटऱ्या लावल्या की ढगांचा प्रश्न मिटला' असं वर लिहिलंय. बॅटऱ्या हव्यातच, पण अडचण फक्त ढगांची नाही. चंद्रपूर-कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्रांतली अवजड टर्बाइनं मिनिटाला 3000 फेरे फिरतात. कुठला वीजनिर्मिती संच अचानक बंद पडला तर पहिले काही सेकंद त्या फिरत्या वजनातली ऊर्जाच ग्रिडची लय, म्हणजे 50 हर्ट्झची वारंवारता, धरून ठेवते. सौर पॅनलात फिरणारं काहीच नाही आणि पॅनलची डीसी वीज एसी करणारे आपले साधे इन्व्हर्टर ग्रिडच्या लयीमागे चालतात. ग्रिडला स्वतः लय देणारे इन्व्हर्टर निघालेत, बॅटरीसोबत तेच बसवायला हवेत.

आणि गावातलं सांगतो. आमचं घर यवतमाळ जिल्ह्यात, फीडरच्या (सबस्टेशनवरून येणाऱ्या वीजवाहिनीच्या) पार शेवटाला. लाईन गेली की भर उन्हात छतावरचं सौरही बंद होतं. बंद लाईनवर काम करणाऱ्या लाईनमनच्या जिवासाठी ते बरोबरच आहे. पण सप्टेंबरात पाऊस चांगला झाला, कोणाचीच मोटर चालू नव्हती, दुपारी ऊन पडलं, सौर वीज वापरायला कोणी नाही म्हणून व्होल्टेज 260 च्या वर जाऊन इन्व्हर्टर रोज ट्रिप व्हायला लागला. हरभऱ्याच्या ओलिताला त्याच डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) 180 व्होल्टसुद्धा मिळत नाही, मोटरा जळतात. डीपीचा टॅप, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायची सेटिंग, पावसाळ्यासाठी खाली घेतला तर रब्बीत आणखी हाल होतील.