रखमाबाईंच्या खटल्याचा निकाल नेमका कोणाच्या बाजूने लागला?

प्रश्न: डॉ. रखमाबाईंनी खटला जिंकला असे काही ठिकाणी वाचले, तर काही ठिकाणी त्यांना शिक्षा झाली असे. यातले खरे काय?

उत्तर १: दोन्ही अर्धवट आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या, पण आईकडे आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच राहून शिकलेल्या रखमाबाईंनी सासरी नांदायला यावे, म्हणून पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला; परंतु अपिलात निकाल फिरला आणि १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी त्यांना नांदायला जाण्याचा आदेश दिला, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास. त्यावर त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली.

उत्तर २: वरील उत्तरात एक भर घालतो. प्रत्यक्षात त्यांना तुरुंगवास घडला नाही. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. माझ्या मते निकालापेक्षा मोलाचे आहे ते त्यांचे लेखन: ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने त्यांनी बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली, तीही समाजात कमालीचा विरोध होत असताना. या खटल्याने पेटलेल्या वादानंतरच १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला आणि मुलीशी शरीरसंबंधासाठीची किमान वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. पुढे त्या डॉक्टर झाल्या, तेही मुंबईतच का?

उत्तर २: नाही, लंडनमध्ये. परतल्यावर सुरत आणि राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांवर उपचार केले.