मदत हवी आहे: ‘मॅच’सारखी मराठी जोडी
आठवीला इंग्रजी ‘मॅच’ शिकवतेय. क्रिकेटची मॅच आणि कपड्यांचं मॅचिंग जुन्या इंग्रजीतल्या ‘जोडीदार’ अर्थाच्या शब्दातून आलं. काडेपेटीतली मॅच मात्र जुन्या फ्रेंचमधल्या दिव्याच्या वातीवरून. दिसायला एक, मुळात दोन! मुलांना हे मराठीतून दाखवायचंय. ‘काम’ चपखल आहे: कष्टाचं काम ‘कर्म’वरून, इच्छा या अर्थाचा ‘काम’ थेट संस्कृत. पण वर्गात दुसरा अर्थ उलगडताना अवघडायला होतं. झाडाचं पान नि वहीचं पान चालणार नाही, तिथे एकच ‘पर्ण’ पसरलंय. व्युत्पत्तिकोश चाळला, पण त्यात अशा जोड्या एकत्र सापडत नाहीत. एक शब्द संस्कृतातून, दुसरा फारसी-अरबीतून आलेला, पण उच्चार अगदी सारखा आणि दोन्ही रोजच्या बोलण्यातले, अशी जोडी कुणाला ठाऊक आहे का?