रिट्रीटच्या पैशांवरून आठवलं
कॅथलिक चर्चच्या रिट्रीटची (प्रार्थना-शिबिराची) फी परवडत नाही म्हणून राहून गेलं असं कुणीतरी लिहिलं होतं त्यावरून सांगते, श्रद्धेचं काही शिकायचं तर पैसे लागतातच असं मीपण धरून बसले होते. एकदा मिस्साची (चर्चमधल्या उपासनेची) वेळ बघायला डायोसिसची, म्हणजे बिशपच्या धर्मप्रांताची, साइट उघडली तर बायबल वर्ग, ऑनलाइन प्रवचनं, रोजची वाचनं, सगळं फुकट पडलेलं, आणि मी इतकी वर्षं विकतची पुस्तकं शोधत होते! कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला, तर पैसे नसतातच. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, ८४८ वा नियमच आहे, गरिबीमुळे कुणाचे संस्कार (कन्फेशनसारखे चर्चचे पवित्र विधी) अडता कामा नयेत. आध्यात्मिक मार्गदर्शन मात्र साइटवर सहसा सापडत नाही, त्यासाठी सरळ पॅरिशच्या (आपल्या भागातल्या चर्चच्या) फादरांना विचारा, लाजू नका. रिट्रीटलाही सवलत मिळते का तेही विचारून घ्या.