अंडी घालून मादी मागे वळूनही का बघत नाही?

मृण्मयी, डोंबिवली:
वेळासला कासव महोत्सवाला जाऊन आलो. पिल्लं समुद्राकडे निघाली तेव्हा लेकीने विचारलं, "यांची आई कुठेय?" मला काही सुचेना. शंभर-सव्वाशे अंडी घालायची आणि राखण मात्र करायची नाही, हे कसलं गणित?

पुळणवाला, दापोली तालुका:
ताई, राखणीला थांबली तर दीड-दोन महिने वाळूवर उपाशी बसेल. आणि कोल्ह्या-कुत्र्यांपुढे तिचं काय चालणार? जमिनीवर धड सरकताही येत नाही तिला.

म्हणून तिची सगळी काळजी आधीच घेऊन होते. रात्री भरतीच्या रेषेच्या वर चढते. मागचा पाय ओंजळीसारखा वळवून वाळू काढते, एक पाय, मग दुसरा, असं करत हातभर खोल खड्डा. अंडी घालून झाली की वाळू लोटायची आणि अख्खं अंग डावी-उजवीकडे आपटून जागा चोपायची. जवळ उभं राहिलं तर धप्‌धप् तळपायाला जाणवते. येण्याजाण्याचा माग मात्र राहतो. पहाटे त्यावरूनच आम्ही घरटं शोधतो. कधी कधी कुत्री आमच्या आधी पोचलेली असतात.

शिवाय सगळी अंडी एका जागी नाहीत. हंगामात दोनदा, क्वचित तीनदा घालते. एक घरटं उधाणात गेलं तरी दुसरं राहतं. आणि एकाच घरट्यातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, बरं का! (हे लेकीला आत्ताच सांगू नका.)

समीर, पुणे:
ओडिशात लाखो माद्या एकदम येतात, ती जात वेगळी का?

पुळणवाला:
जात तीच, ऑलिव्ह रिडले. गहिरमाथा, ऋषिकुल्येला एकदम इतकी अंडी पडतात की खाणाऱ्यांना संपवता येत नाहीत. तोटाही आहेच, मागून आलेल्या माद्या आधीच्यांची अंडी उकरतात. आपल्याकडे एकेकटी येते. पण 2021 मध्ये ओडिशात टॅग लावलेली मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालून गेली. आता बोला!

मृण्मयी:
मग तुम्ही अंडी हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुंपणातल्या राखीव जागेत हलवता, ते चालतं?

पुळणवाला:
पहिल्या काही तासांत, आणि वरची बाजू वरच ठेवून. नंतर गर्भ कवचाला चिकटतो, अंडं फिरलं की मेला. खोलीही मूळ घरट्याएवढीच ठेवायची, कारण नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. साधारण 30 अंशांच्या वर गेलं की माद्याच जास्त. उन्हाळ्यात हॅचरीवर शेडनेट ताणतो ते त्यासाठी, पर्यटकांना सावली म्हणून नव्हे!