मदत हवी आहे: पीएलएफएसच्या डेटात 'तयार कपडे' उद्योग एवढा फुगलेला का दिसतो?

ताणाबाणा
उद्या संध्याकाळी तक्ता द्यायचा आहे, म्हणून थेट विचारते. पीएलएफएसमधून, म्हणजे सरकारच्या घरोघरच्या रोजगार सर्वेक्षणातून, महाराष्ट्रातल्या कापड आणि तयार कपडे उद्योगातला रोजगार व मजुरी काढतेय, २०१७-१८ ते २०२३-२४. कापडाचं एकवेळ पटतं, पण तयार कपड्यांचा आकडा अफाट येतोय. चामडंसुद्धा भरमसाट. गुणक (नमुन्यातलं एक माणूस किती माणसांसाठी धरायचं तो आकडा) लावून पाहिला, न लावता पाहिला, वाटा तोच राहतो. कुठे चुकतंय?

गुणक
यावरून काहीच कळत नाही. फाइल कोणती, पहिल्या भेटीची की फेरभेटीची (त्याच घरी पुन्हा जाऊन भरलेली)? रोजगार कोणत्या व्याख्येने धरला: वर्षभरातलं मुख्य काम, मुख्य अधिक दुय्यम, की चालू आठवड्यातलं काम? आणि गुणक 'लावला' म्हणजे नेमकं काय केलंत? फाइलमधला गुणक जसाच्या तसा वापरायचा नसतो. एनएसएस आणि एनएससी हे दोन रकाने सारखे असतील तर गुणक भागिले १००, वेगळे असतील तर भागिले २००. वर्षाचा अंदाज हवा असेल तर वर तिमाहींच्या संख्येनेही भागायचं. हे चुकलं तर संख्या चुकते, वाटा मात्र फारसा हलत नाही. म्हणजे तुमची चूक बहुतेक दुसरीकडे आहे.

पंचगंगा
घरोघरच्या सर्वेक्षणातून उद्योग शोधूच नका. एएसआय, म्हणजे कारखान्यांचं वार्षिक सर्वेक्षण, घ्या. कारखान्याच्या हिशेबाच्या वह्यांवरून भरलेली माहिती असते. थेट कामगार वेगळे, कंत्राटी वेगळे, कामाचे दिवस, कामगारांचं वेतन, एकूण मोबदला, निव्वळ मूल्यवर्धन, सगळं उद्योगनिहाय. वेतनाला मूल्यवर्धनाने भागलं की मजुरीचा वाटा हातात येतो. तो पीएलएफएसमधून या जन्मात निघणार नाही.

भीमाकाठ
पंचगंगा, एएसआयमध्ये येतात नोंदणीकृत कारखाने: वीज वापरत असतील तर १० किंवा जास्त कामगार, नसतील तर २०. चार-आठ मागांचा कारखाना त्यात कुठून येणार? भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या गल्ल्यांतले बहुतेक माग या चाळणीतून खाली पडतात. सूतगिरण्यांसाठी एएसआय उत्तम, यंत्रमागासाठी अर्धंच चित्र. उरलेल्या अर्ध्यासाठी असंघटित उद्योगांचं एएसयूएसई जोडावं लागेल.

पंचगंगा
अर्धं असलं तरी पक्कं आहे. घरातल्या एका माणसाने सगळ्यांच्या वतीने सांगितलेल्या पगारापेक्षा वहीतला आकडा मी कधीही घेईन.

ताणाबाणा
एएसआय नको आहे, मला बाई-पुरुष आणि गाव-शहर हवंय. गुणक, फाइल पहिल्या भेटीची, व्यक्तींची. मुख्य अधिक दुय्यम. गुणक तुम्ही सांगितला तसाच लावलाय. तयार कपड्यांतला फुगवटा सगळा ग्रामीण भागात आहे, आणि बहुतेक बायका.

टाकाशिलाई
मग चुकीचं कशावरून? गावोगाव बचत गटांनी शिलाई मशीन घेतल्यात. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश घरीच शिवतात. आजवर हे काम मोजलंच जात नव्हतं, आता दिसतंय. बायकांचं काम दिसलं की ते चूक आहे असं आधी का धरायचं?

गुणक
टाकाशिलाई, बायकांचं काम कमी मोजलं जातं हे खरं आहे, पण इथे तसं वाटत नाही. ताणाबाणा, या बायकांचा कामाचा दर्जा कोणता? ११ म्हणजे स्वतःचा धंदा, २१ म्हणजे घरच्या धंद्यात बिनपगारी मदत, ३१ नियमित पगारी, ५१ रोजंदारी. ब्लाउज शिवणारी बाई बहुधा ११ मध्ये येईल. दुसरं, कापड बाजूला ठेवून आधी अख्खा देश चालवा. २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात एकूण कामगारांत शेतीचा वाटा ४६.१ टक्के, कारखानदारीचा ११.४. हे दोन आकडे जुळल्याशिवाय राज्यात शिरू नका.

न्यूजर्सीहून
इकडे अमेरिकेत यासाठी क्यूसीईडब्ल्यू ही सरकारी मोजणी वापरतात. बेकारी विम्याच्या कराच्या नोंदींवरून ९५ टक्क्यांहून जास्त नोकऱ्या मोजल्या जातात, काउंटीनिहाय आणि उद्योगनिहाय, पगारासकट. नमुन्याची भानगडच नाही. आपल्याकडे ईपीएफओच्या, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या, नोंदींचा तसा वापर का करत नाहीत?

दुसरी_फेरी
कारण ईपीएफओचा मासिक आकडा म्हणजे नव्या नोकऱ्या नव्हेत. २० किंवा जास्त कामगार असलेली आस्थापना कायद्याखाली आली की तिथली जुनी माणसंही 'नवीन सभासद' होतात. सोडून गेलेले परत आले की तेही जोडले जातात. शिवाय महिन्याचा आकडा आधी तात्पुरता येतो आणि पुढे बदलत राहतो. वाढीची दिशा बघायला ठीक, 'एवढ्या नोकऱ्या तयार झाल्या' म्हणायला नाही.

न्यूजर्सीहून
मग सीएमआयई या खासगी संस्थेचा रोजगाराचा डेटा?

दुसरी_फेरी
व्याख्याच वेगळी आहे. एका तक्त्यात दोन्ही घालू नका. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे ताईंचं काम अडलंय.

ताणाबाणा
देश चालवला. शेती शून्य! पेय उद्योगात मात्र प्रचंड लोक. तयार कपड्यांतल्या ग्रामीण बायका बहुतेक २१. आणि एक आठवलं, मजुरीच्या भागात उद्योगाचा कोड नुसता '१' असा पुष्कळ ओळींत होता. चुकीची नोंद समजून मी त्या ओळी काढून टाकल्या होत्या.

गुणक
तीच चूक. तुमच्या कोडांचं पुढचं शून्य गळालंय.

एनआयसी २००८ चा, म्हणजे उद्योगांच्या सरकारी वर्गीकरणाचा, कोड पाच अंकी असतो आणि पहिले दोन अंक विभाग सांगतात. शेतीचा विभाग ०१. प्रोग्रॅमने रकाना संख्या म्हणून वाचला की ०११४० चं ११४० होतं. मग तुम्ही पहिले दोन अंक घेतले, ते आले ११, म्हणजे पेयं. ऊस लावणारा शेतकरी थेट बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात गेला. ०१२ ही बारमाही पिकं, द्राक्षं-आंबे वगैरे, ती गेली १२ मध्ये, तंबाखूत. ०१४ म्हणजे जनावरं पाळणं, ते पडलं १४ मध्ये: तयार कपडे. ०१५ मिश्र शेती, ती १५ मध्ये: चामडं. तुमच्या गावाकडच्या, २१ दर्जाच्या, तयार कपड्यांतल्या बायका गोठ्यात आहेत. शेण काढतात, धार काढतात, वैरण घालतात.

कापडाचा १३ फारसा फुगला नाही, कारण ०१३ म्हणजे रोपवाटिका, त्यात माणसं थोडी. म्हणून तो आकडा 'पटला'. तोही चुकीचाच आहे.

दुरुस्ती: आत्ताच्या फाइलवर ठिगळ लावू नका, मूळ फाइल पुन्हा वाचा आणि वाचतानाच उद्योगाचे सगळे रकाने मजकूर आहेत असं सांगा. पायथनच्या पांडाजमध्ये रकान्यात रिकाम्या जागा असल्या की तो दशांश संख्या करून टाकतो, मग मजकुरात बदललं तर '११४०.०' मिळतं आणि डावीकडे शून्य भरून उपयोग होत नाही. रिकाम्या जागी शून्यं भरलीत तर '०००००' नावाचा नवाच उद्योग तयार होईल, तेही बघा. एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलेली फाइल तर वापरूच नका.

भीमाकाठ
बरोबर पकडलंत. कोळसा ०५ चा आहे, ०५१०१ चं ५१०१ झालं की ५१, हवाई वाहतूक. चंद्रपूरचे खाणकामगार विमानात बसले असतील, तेही तपासा. आणि तो '१' चूक नाही. चालू आठवड्याच्या भागात उद्योगाचा कोड दोनच अंकी असतो, ०१ चं १ झालं. त्या ओळी काढल्यात म्हणजे राज्यातली शेतमजुरी काढलीत. परत घाला.

टाकाशिलाई
गोठ्याचं पटलं. पण शिवणाऱ्या बायकाही त्याच १४ मध्ये आहेत, दुरुस्तीनंतर त्यांचा आकडा वेगळा दाखवा. तो कमी आला तरी दाखवा.

ताणाबाणा
सगळी वर्षं पुन्हा वाचली. शेती ४६.१ जुळली! कारखानदारीही. तयार कपडे एकदम खाली आले, त्यात ११ दर्जाच्या बायका वेगळ्या काढल्यात. आता मजुरी. विणकामाची, म्हणजे १३१२ ची हवी आहे. ३१ आणि ५१ ची एकत्र सरासरी काढू का?

भीमाकाठ
नको. तिन्हींचा काळ वेगळा आहे. ३१ ला मागच्या कॅलेंडर महिन्याचा पगार विचारतात, ५१ ला आठवड्यातल्या प्रत्येक दिवसाची मजुरी, स्वयंरोजगारवाल्यांना मागच्या ३० दिवसांची कमाई. रोजंदारीला सरसकट २६ ने गुणून महिना करू नका, सात दिवसांत किती दिवस काम मिळालं ते त्याच ओळीत आहे. एका दिवसात दोन कामं असू शकतात, दोन्हींची मजुरी बेरजेत घ्या.

यंत्रमागात आणखी एक पेच आहे. मीटरवर मजुरी घेणारा कामगार नियमित कामावर असेल तर तो ३१ मध्येच येतो, कारण त्या व्याख्येत नगावरची मजुरीही धरलेली आहे. व्यापाऱ्याचं सूत घेऊन स्वतःच्या मागावर विणून देणारा खर्चीवाला मात्र स्वयंरोजगारात येतो. त्याची कमाई 'मजुरी' म्हणून मिसळू नका, त्यात घरच्यांचे कष्टही असतात.

पंचगंगा
आणि हे सगळं मध्यकाने दाखवा. लोक पगार १०,०००, १२,०००, १५,००० असे गोल सांगतात, सरासरी दोन-चार मोठ्या आकड्यांनी हलते. वर्षांची तुलना असेल तर महागाई काढा. शहरी कामगारांना औद्योगिक कामगारांचा महागाई निर्देशांक लावा. त्याचं पायाभूत वर्ष मध्येच २००१ वरून २०१६ झालंय, जोडणीचा गुणक २.८८. तो न लावता भागलंत तर खरी मजुरी मधल्या एका वर्षात जवळजवळ तिप्पट दिसेल.

ताणाबाणा
२.८८ लावते. पण आठवड्याच्या भागात कोड दोन अंकी असेल तर १३१२ कसा काढू? आणि मुख्य कामावरून बघितलं तर महाराष्ट्रात एकेका वर्षी अगदी थोड्या ओळी येतात. जिल्हावार तर काहीच उरत नाही.

गुणक
आठवड्यात १३ आणि मुख्य कामात १३१२, अशी दोन्ही अट लावा. काम बदललेली थोडी माणसं सुटतील, तळटीपेत लिहा.

ओळी कमी आहेत कारण तो नमुना राज्याच्या मोठ्या आकड्यांसाठी होता. देशभरात साधारण एक लाख घरं, चार लाख माणसं. जिल्हा विसरा. जानेवारी २०२५ पासून नमुना २,७२,३०४ घरांचा झाला आणि जिल्हा हा मूळ भौगोलिक घटक धरला. पण ग्रामीण भागातही फेरभेटी सुरू झाल्या, वर्षही जुलै-जूनऐवजी कॅलेंडरचं झालं. त्यामुळे २०२५ चा बिंदू तुमच्या जुन्या रेषेला जोडू नका.

१३१२ साठी दोन-तीन वर्षं एकत्र करा आणि गुणकाला तितक्या वर्षांनी भागा. २०१९-२० आणि २०२०-२१ इतरांत मिसळू नका, टाळेबंदीने ती वेगळी पडतात. मग नमुन्याच्या दोन भागांवरून, म्हणजे दोन उपनमुन्यांवरून, तोच आकडा वेगवेगळा काढून बघा. दोन्ही जवळ आले तर छापा. दूर गेले तर १३१२ सोडून अख्ख्या १३ वर थांबा.

ताणाबाणा
करून बघितलं. पुरुषांचे दोन्ही आकडे जवळ आहेत, बायकांचे खूप लांब. पुरुषांना १३१२ देते, बायकांना १३. आणि एकूण माणसांची संख्या गुणकाच्या बेरजेवरून देऊ ना?

दुसरी_फेरी
नाही. गुणकाची बेरीज प्रक्षेपित लोकसंख्येपेक्षा कमी येते. सर्वेक्षणातून फक्त प्रमाण घ्या. गाव-शहर, बाई-पुरुष असे चारही गट वेगळे धरून ते प्रमाण त्या वर्षाच्या प्रक्षेपित लोकसंख्येला लावा, मग बेरीज करा.