हलका आहे म्हणे, उडून जाईल म्हणे

निवृत्त_सेफ्टीवाला
परवा एकानं इथं बिनधास्त ठोकून दिलं: "एलएनजी (थंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू) म्हणजे मिथेन, हवेपेक्षा हलका. गळला तरी वर उडून जाईल. ते डिस्पर्शन मॉडेलिंग, गळलेला गॅस कुठवर पसरेल याचा हिशोब, म्हणजे कन्सल्टंटचं पोट भरायचा धंदा." उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा काढला.

मिथेन हलका, कबूल. पण उणे १६२ अंशाला उकळून निघालेली वाफ हवेच्या दीडपट जड असते बाप्पा! उणे ११० च्या आसपास तापेस्तोवर ती जमिनीला चिकटून उताराकडं सरपटते. एका लिटरची सहाशे लिटर वाफ, आणि हवेत ५ ते १५ टक्के झाली की पेट घेते. १९४४ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला एलएनजीची टाकी फुटली, गॅस गटारांत शिरला, सव्वाशेवर माणसं गेली. गटार वर असतं का?

कामठीरोडकर
तो "एक" मीच. १९४४ काढलं का शेवटी? त्या टाकीचं पोलाद साडेतीन टक्के निकेलचं, थंडीत तडकलं. आता मोठ्या टाक्यांना नऊ टक्क्यांचं लागते. आपल्या नागपुरात कामठी रोडवर २०२१ पासून एलएनजी पंप आहे, कोणाचं काय वाकडं झालं? अन् मॉडेलवाले नेहमी वारा सेकंदाला २ मीटर, हवा एकदम स्थिर धरतात. मे महिन्यात दुपारी ४५ डिग्रीत तुमचा ढग सरपटणार काहून?

निवृत्त_सेफ्टीवाला
गळती तुमची दुपार बघून होणार आहे का? डिसेंबरच्या पहाटे पान हलत नाही, तीच हवा धरतात. आणि मे मध्ये वेगळीच गंमत. कोरड्या हवेत गळतीचं पांढरं धुकं लवकर विरतं, पेटणारा ढग त्याच्याही पुढं गेलेला असतो. वास म्हणाल तर तोही नाही. गॅसला वास यावा म्हणून घालतात ते मर्कॅप्टन त्या थंडीत गोठतं, घालणार कसं?

आकडेमोड_ताई
मी हेच काम करते, दोघांनाही थोडं टोचेल. ढग कुठवर धोक्याचा, ती रेघ आम्ही ५ टक्क्यांवर नाही, निम्म्यावर, अडीचवर ओढतो. मॉडेल सरासरी देतं, ढगात मात्र दाट पट्टे असतात. पण खरा खेळ आधीच होतो: भोक केवढं, गळती किती मिनिटं. एका क्लायंटनं माझ्याकडून १० मिनिटांची ३ करून घेतली, "व्हॉल्व्ह बंद होतोच ना मॅडम." रेघ बरोबर कुंपणाच्या आत! मी सही केली. अजून खुपतं. शिवाय साधी मॉडेलं जमीन सपाट धरतात.

अंबाझरी_लेआउट
सपाट? नागपुरात? सिमेंट रोड करून करून आमचा ओटा रस्त्याच्या दीड फूट खाली गेला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे फ्रिज तरंगत होता घरात. पाणी येतं तिथं गॅस पण येईल.

कामठीरोडकर
तेव्हा अंबाझरी तलाव ओसंडला होता भाऊ, रोडनं काय केलं? डांबराचे खड्डे विसरले वाटते.

अंबाझरी_लेआउट
रोडनं पाणी अडवलं! जुना थर खरवडायचा असतो, यांनी वरूनच ओतला. तुमचं घर उंचावर असेल, तुम्ही बोलणारच.

कामठीरोडकर
माझ्या घरावर यायचं काम नाही.

झिरोमाईल_७७
आमच्या गल्लीत तर चेंबरची झाकणं रोडखाली गाडली. चोकअप झालं की अंदाजे फोडतात.

निवृत्त_सेफ्टीवाला
अहो, विषय एलएनजीचा होता! पेसोचं, म्हणजे स्फोटकं अन् पेट्रोलियमची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी खात्याचं, मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे, निदान नागपूरकरांनी तरी…

अंबाझरी_लेआउट
सेमिनरी हिल्स उंचावर आहे काका. तिथं काही नाही शिरत.

आकडेमोड_ताई
हसू नका, मुद्दा बरोबर आहे. १९८० मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात एलएनजी मुद्दाम सांडून बघायच्या 'बर्रो' चाचण्या झाल्या. त्यातल्या आठवीत वारा मंद होता, ढग आडवाच पसरत गेला. खोलगट प्लॉट असेल तर मी साधं मॉडेल नाही वापरणार, थ्रीडी लावीन. पैसे कोण देतं, ते वेगळं.

कामठीरोडकर
बरं, गॅस आधी खाली बसतो, मान्य. लिहून घ्या, वर्षातून एकदा होते असं. पण पोट भरायचा धंदा आहे, हे तर ताईनंच सही करून सांगितलं. आभारी आहे ताई.

आकडेमोड_ताई
यावर उत्तर नाही माझ्याकडे.

अंबाझरी_लेआउट
पावसाळ्याआधी कोणाकडे जुना पंप आहे का विकायला? पाणी उपसायचा.