'टाइड एड' : मराठीत काय म्हणावं?

अनुवादिका :
गरीब देशांत परदेशी मदत कशी वाटली जाते, यावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. 'टाइड एड'पाशी अडलेय. म्हणजे पैसे आम्ही देतो, पण यंत्रं, धान्य, सल्लागार आमच्याच देशातून घ्या. संपादकांनी 'सशर्त मदत' सुचवलं. पण पुढच्याच परिच्छेदात खरी सशर्त मदत येते: आधी धोरण बदला, मग पैसे. दोन्हींना एकच शब्द कसा वापरू? 'बांधील मदत' चालेल का?

मोजणीदार :
'बांधील' नको. मदतीच्या हिशेबात कबूल केलेली, म्हणजेच बांधील, रक्कम आणि प्रत्यक्ष पोचलेली रक्कम असे दोन रकाने असतात. वाचकाला पहिलाच आठवेल. 'खरेदीबद्ध' म्हणा. मलेशियातल्या पेर्गाऊ धरणाला ब्रिटनने दिलेली मदत शस्त्रविक्रीच्या व्यवहारात गुंतली होती. ती १९९४ साली ब्रिटनच्याच न्यायालयाने बेकायदा ठरवली. असल्या मदतीत देणाऱ्याचा धंदाच आधी बघितला जातो, ते शब्दात दिसायला हवं.

रानवारा :
'खरेदीबद्ध' कोण बोलतं? 'अडकवलेली मदत' म्हणा, लगेच कळतं.

शुद्धमती :
मुळात अरबीतून आलेलं 'मदत' कशाला? 'साहाय्य' आहे की. आणि कृपा करून 'सहाय्य' लिहू नका. 'सहाय' म्हणजे सोबती, त्यावरून 'साहाय्य'.

रानवारा :
शुद्धमतीताई, 'मदत' परका असेल तर निम्मी मराठी परकी ठरेल.

मोजणीदार :
माझा आक्षेप वेगळा आहे. 'मदत' म्हटलं की परत न करायचा पैसा वाटतो. पण श्रीमंत देशांच्या समितीने १९७२ साली पक्की केलेली व्याख्या बघा: कर्जातला अनुदानाचा अंश, म्हणजे सवलतीमुळे घेणाऱ्याचा वाचणारा भाग, किमान २५ टक्के असला, की ते कर्जही मदतीत धरलं जायचं, आणि तेही पूर्ण रकमेनं! पुढे ही मोजणी बदलली, पण सवलतीची कर्जं आजही मदतीतच येतात. जपानच्या मदतीत कर्जाचा वाटा मोठा असतो. हे 'साहाय्य' लिहूनही लपतंच.

अनुवादिका :
मग 'वाटप' तरी बरोबर आहे का? वाटप म्हटलं की एक सामाईक रास आणि कोणीतरी गरज बघून वाटे पाडतोय, असं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक देश आपापलं ठरवतो. अलेसिना आणि डॉलर या अर्थतज्ज्ञांनी २००० साली दाखवलं, की कोणाला किती मिळणार यात जुनी वसाहत आणि संयुक्त राष्ट्रांतलं मतदान यांचा मोठा हात असतो. शिवाय छोट्या बेटांच्या देशांना माणशी मदत खूप जास्त मिळते.

मोजणीदार :
जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संघाकडे मात्र सूत्र आहे. लोकसंख्या, दरडोई उत्पन्न आणि सरकारचा कारभार बघून वाटे ठरतात. तिथे 'वाटप' चपखल बसतं.

शुद्धमती :
'वितरण' म्हणा.

रानवारा :
वितरण वर्तमानपत्रांचं होतं हो! आणि 'परदेशी'चं काय? आश्रयाला आलेल्या निर्वासितांवर पहिल्या वर्षी स्वतःच्याच देशात केलेला खर्चही श्रीमंत देश यात धरतात. तो पैसा सीमेबाहेर जातच नाही.

शुद्धमती :
म्हणून तर 'विकास-साहाय्य' म्हणा. 'परदेशी' आपोआप गळतं.

रानवारा :
आणि त्यात 'विकास' कुठे आहे?